अर्ज दप्तरी दाखल, आकडा शून्य: जातीय भेदभावाच्या तक्रारी मोजतं कोण?

वैनगंगेकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. फेरफार, निराधार, रेशनकार्ड ही रोजची कामं. त्यातच काही अर्ज असे येतात की लिहिताना हात जड होतो. हापशीवर बाईची पाण्याची गुंड फेकून दिली. पोळ्याला अमुक मोहल्ल्याचे बैल तोरणाखाली येऊ दिले नाहीत. धानाच्या रोवणीच्या कामाला एका टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांना बोलावणंच बंद केलं, कारण त्यांच्या पोरानं सरपंचाला ग्रामसभेत प्रश्न विचारला.

अर्ज ठाण्यात जातो. त्याचं पुढे काय होतं ते मी इतक्या वर्षांत जवळून पाहिलं आहे. बहुतेक वेळा त्यावर गुन्हा नोंदवत नाहीत, 'चौकशी अर्ज' म्हणून आवक रजिस्टरला लावतात. बीट जमादार गावात जातो, पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसून दोन्हीकडचे जबाब घेतो. तक्रार करणारी बाई ज्याच्या शेतात निंदायला जाते तोच समोरचा असतो, तेव्हा जबाब काय होणार ते सांगायला नको. 'आपसात समजूत झाली' असा शेरा पडतो आणि अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे फाइल बंद. नाहीतर शिवीगाळीची अदखलपात्र नोंद होते, दोघांना समजपत्र जातं, प्रकरण संपतं.

मागे एका सरकारी बैठकीत मी हजर होतो. तालुक्यात वर्षभरात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचा एकही गुन्हा नाही, असं वाचून दाखवलं गेलं. कागदावर ते खरंही होतं. पण त्याच वर्षी मी माझ्या हातानं लिहिलेले अर्ज मला आठवत होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशाचे आकडे काढतो. अनुसूचित जातींवरील गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० आणि २०२२ मध्ये ५७,५८२. अनुसूचित जमातींवरील ८,८०२ आणि १०,०६४. हे सगळे नोंदवलेले गुन्हे आहेत. एका वर्षात इतकी वाढ झाली ती अत्याचार वाढले म्हणून, की ठाण्यांनी नोंदणी सुधारली म्हणून, हे त्या तक्त्यावरून सांगताच येत नाही. कारण ज्या अर्जाचा गुन्हा झाला नाही त्याला तिथे रकानाच नाही.

माझी मागणी साधी आहे. ठाण्यागणिक तीन आकडे: अर्ज किती आले, गुन्हे किती नोंदले, दप्तरी किती गेले. हे मिळवायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

काळी_माती

भाऊ, अमरावतीकडे वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

तुम्ही लिहिलेली 'चौकशी अर्ज' ही वाटच मुळात चुकीची आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा, लोक ज्याला अॅट्रॉसिटी म्हणतात, तो १९८९ चा. त्यात २०१८ मध्ये कलम १८ए घातलं गेलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं ते स्पष्ट सांगतं. २० मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशी चौकशी करायला मुभा दिली होती, देशभर लोक रस्त्यावर आले, संसदेनं त्याच वर्षी दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. आता कोणी नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातली, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी दाखवली, तर १८ए पुढे करायचं. विशेष कायद्यात त्या चौकशीला जागा नाही.

तोंडी तक्रार असेल तर ती लिहून, वाचून दाखवून, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. नोंदलेल्या तक्रारीची प्रत लगेच द्यायची. ही कर्तव्यं कलम ४ मध्ये एकेक करून लिहिलेली आहेत. ती जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि तिथेच सगळं अडतं.

ठाण्यानं घेतलंच नाही तर १९९५ च्या नियमांतला नियम ५ वापरा. तक्रारीचा मजकूर टपालानं थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. रजिस्टर पोस्टची पावती जपा. निदान तुमची तक्रार पोहोचली याचा एक सरकारी शिक्का तरी राहतो. दुसरी नोंद १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर होते. ती २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली. फोन केला की नोंद क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा.

निवृत्त_जमादार

मी वऱ्हाडात ठाण्यात नोकरी केली, बरेच वर्षं लिखापढीच्या टेबलावर होतो. खरं सांगतो जी, ठाणेदार काऊन टाळते ते समजून घ्या. दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक राह्यते. तिथं मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना होते. आकडा वाढला की वरून विचारणा होते. आकडा कमी असला की कोनीच विचारत नाई. मंग नवा साहेब आला की पहिले हेच शिकते. त्यात अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाकडं जाते, साठ दिवसांत दोषारोपपत्र पायजे, पीडिताले सरकारी पैशाची मदत द्यायचा प्रस्ताव पाठवा लागते. शिवीगाळीची एनसी, म्हनजे अदखलपात्र नोंद, एका पानात होते. मानूस सोपी वाट धरते.

दुसरी गोष्ट. एनसीआरबीच्या मोजणीत एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यात गंभीर कलम धरून एकदाच मोजतात. त्यामुळं खुनाच्या गुन्ह्याखाली बहिष्कार, पान्याची बंदी, मारहान हे सारं झाकून जाते. तक्ता पाहून तुमाले वाटन, गावात पान्याचा वाद नव्हताच. तो होता, मोजला गेला नाई.

तिसरी. नागरी हक्क संरक्षण शाखा म्हनून पोलिसांची वेगळी शाखा हाय. तिच्याकडं या गुन्ह्यांची माहिती जमा होत राह्यते. लोकाले ती माहीतच नाई. तिलेही विचारा.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं बोलतो. आमच्या भागात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण झालं की अॅट्रॉसिटीची धमकी मिळते. माझ्या चुलतभावावर असाच गुन्हा झाला आणि तो सुटला. गुन्हे सिद्ध होण्याचं प्रमाण बघा, किती कमी आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त तक्रारी खोट्याच म्हणायच्या ना? तुम्ही आणखी अर्ज मोजायला सांगता. खोटेही त्यात मोजले जातील.

निवृत्त_जमादार

दादा, तुमच्या भावाचं दुःख मी नाकारत नाई. पन सुटका झाली म्हनजे तक्रार खोटी, असं कागदावर कुठंच नसते. खोट्यासाठी वेगळा रकाना हाय. आपल्या महाराष्ट्रात तपास बंद करताना समरी मागतात. 'अ' समरी म्हनजे घटना खरी, पन आरोपी किंवा पुरावा भेटला नाई. 'ब' म्हनजे जानूनबुजून खोटी. 'क' म्हनजे गैरसमजातून, किंवा दिवानी वाद. एनसीआरबीच्या तक्त्यातही 'खोटा अंतिम अहवाल', 'वस्तुस्थितीची चूक किंवा दिवानी वाद' आनि 'खरा पन पुरावा अपुरा' हे तीन वेगळे मोजतात. तुमाले खोट्या तक्रारीचा आकडा पायजे असन तर 'ब'चा आकडा मागा. सुटकेचा आकडा घेऊन खोटेपना मोजू नका.

काळी_माती

त्याला जोडून एक. दोषसिद्धीचं प्रमाण काढतात ते त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर. नोंदलेल्या गुन्ह्यांवर नाही. या कायद्याखालचे बहुसंख्य खटले वर्षानुवर्षं पडून असतात. तोपर्यंत साक्षीदार गाव सोडून पुण्याला, सुरतेला कामाला जातात, नाहीतर फितूर होतात. मी स्वतः उलटतपासात बघितलं आहे, फिर्यादीचा सख्खा भाऊ 'मला काही आठवत नाही' म्हणतो, कारण तो आरोपीकडे सालदार म्हणून राहिलेला असतो. सातपुडा दादा, असा खटला सुटला तर त्याला खोटा म्हणाल का?

सातपुडा_पायथा

सालदाराची गोष्ट पटते. आमच्याकडेही तसंच आहे. 'ब' समरीचे आकडे वेगळे निघतात हे माहीत नव्हतं. तेही तुमच्या मागणीत घाला. माझ्यासारख्या माणसाचंही त्यात काम होईल.

वैनगंगेकाठचा

दादा, घालतो. मनापासून घालतो. आकडा उघडा असला की दोन्हीकडच्यांना बोलायला जमीन मिळते.

सिद्ध होण्यावरून आठवलं, म्हणून लिहितो. खैरलांजी आमच्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुका. २९ सप्टेंबर २००६. एकाच कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नाही. नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि तिथेही हा कायदा लागू झाला नाही. साऱ्या देशानं जातीय अत्याचार म्हणून ओळखलेली घटना, आणि 'या कायद्याखाली शिक्षा' या रकान्यात तिचा एकही आकडा पडत नाही. नुसती दोषसिद्धीची टक्केवारी पुढे करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे बोलायला अजूनही जड जातं.

पैनगंगा_अलीकडे

यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते. महिला बचत गटांबरोबर काम करते. इथे एक मोठा मुद्दा राहतो आहे: जातीचा रकाना.

हा कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना लागू. भटक्या-विमुक्तांना नाही. गोपाळ समाजाच्या पालावर रात्री दगड पडले तर मारहाणीचा, नुकसानीचा गुन्हा होतो, भेदभावाचा होत नाही. त्यांच्यावर जे घडतं ते या मोजणीत कुठेच येत नाही.

कैकाडी समाजाचं तर बघा. विदर्भाच्या जिल्ह्यांत, राजुरा तालुका सोडून, तो अनुसूचित जातीत आहे. उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. जुना मध्य प्रांत आणि निजामाचं राज्य यांच्या हद्दी अजून या यादीत जिवंत आहेत. म्हणजे पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या उमरखेडकडे, टोपल्या विकणाऱ्या बाईला जातीवरून हाकललं तर तो गुन्हा मोजला जाईल. नदी ओलांडून नांदेड जिल्ह्यात तेच तिच्या बहिणीशी घडलं तर मोजला जाणार नाही. दोघींचा अपमान एकच आहे.

आणि दाखल्याचं. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना १९९० पासून हे संरक्षण आहे, तरी ठाण्यात पहिला प्रश्न येतो, 'जातीचा दाखला कुठे?' गुन्हा नोंदवायला तो आधी लागतो असं कायदा म्हणत नाही. पण मदतीचा प्रस्ताव दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, म्हाताऱ्या माणसाकडे १९५० पूर्वीचा कागद कुठून यायचा? गुन्हा नोंदला, मदत अडली, पुढच्या वेळी त्या पोडावरून कोणी ठाण्याकडे फिरकलंच नाही. आकडा कमी झाला. तो का कमी झाला, हे कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

टेबल_क्रमांक_सात

मी एका शासकीय कार्यालयात आहे, कुठे ते सांगत नाही. तुम्ही सगळे पोलिसांकडे बघताय. दुसरा मोठा कागद समाज कल्याणकडे आहे.

त्याच १९९५ च्या नियमांतल्या नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव समाज कल्याणचे अधिकारी. आमदार-खासदार, पोलीस अधीक्षक, आणि अशासकीय सदस्यही असतात. तीन महिन्यांतून किमान एक बैठक बंधनकारक. नियम १७ए प्रमाणे उपविभागातही अशी समिती आहे, अध्यक्ष उपविभागीय अधिकारी. या बैठकीच्या विषयपत्रिकेत गुन्हे किती, तपासावर किती, न्यायप्रविष्ट किती, मदत कोणाची बाकी, हे सगळं येतं. बैठकीचं इतिवृत्त तयार होतं. ते गुप्त नाही. मागणारेच फार थोडे.

राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, भरली पाहिजे. राज्यानं केंद्राला दरवर्षी ३१ मार्चपूर्वी अहवाल द्यायचा, आणि केंद्रानं कलम २१ प्रमाणे दोन्ही सभागृहांत ठेवायचा. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण तिची पहिली कडी तालुक्यातलं ठाणं. तिथून शून्य आलं की शून्यच वर चढतं.

पडताळणीचा एक मार्ग सांगतो. मदत टप्प्याटप्प्यानं मिळते. उदाहरणार्थ, सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात एक लाख रुपये: गुन्हा नोंदल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्र गेल्यावर ५० टक्के, शिक्षा झाल्यावर उरलेले. पहिली मदत सात दिवसांत द्यायची असते. म्हणजे पोलिसांचा गुन्ह्यांचा आकडा आणि समाज कल्याणचा पहिल्या हप्त्याचा आकडा एकमेकांजवळ आले पाहिजेत. दोन्ही मागवा, शेजारी ठेवा. जिथे मोठी फट दिसेल तिथे पुढचा प्रश्न विचारा.

आणखी एक, लोकशाही दिनाच्या अर्जांबद्दल. तिथे दिलेली भेदभावाची तक्रार ठाण्याकडे 'वर्ग' केली की तिथल्या नोंदवहीत ती निकाली धरली जाऊ शकते. ठाण्यात ती चौकशी अर्ज होते. 'निकाली' शब्दावर विसावू नका, वर्ग केल्याचा जावक क्रमांक मागा.

पळसफूल

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेची माहिती दरवर्षी यू-डायस या सरकारी माहिती प्रणालीवर भरतो. कोणत्या प्रवर्गाची किती मुलं, शौचालय किती, नळ किती. आहाराच्या ओळीत कोणाला कुठे बसवलं, कोणाच्या हातचं पाणी मुलं घेत नाहीत, स्वयंपाकाला अमुक बाई ठेवली म्हणून किती पालकांनी डबा द्यायला सुरुवात केली, याला त्यात रकाना नाही. शिक्षक बघतात. लिहायची जागा नसते, आणि जागा असती तरी बदलीची भीती असते.

पण मला वेगळी काळजी आहे. आकडे गावागणिक छापू नका. सहाशे वस्तीच्या गावात 'तक्रारी: १' असं लागलं की ती कोणी केली हे दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ठरतं. तिचं घर एकटं असतं. कायद्याच्या कलम १५ए मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचं लिहिलं आहे, पण रात्री दाराशी कोणी उभं राहिलं तर कलम धावून येत नाही. मी अशी एक आई बघितली आहे. तिनं पोरीला मावशीकडे पाठवलं आणि मग अर्ज मागे घेतला. वैनगंगेकाठचे भाऊ, तुमची मागणी खरी आहे. पण ठाण्याच्या पातळीवर थांबा.

वैनगंगेकाठचा

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ठाण्याच्या हद्दीत बरीच गावं येतात, तिथे एक अर्ज ओळखू येणार नाही. ज्या ठाण्यात आकडा फारच लहान असेल तिथे तीन वर्षांची बेरीज मागू. नावं, गावं, गुन्हा क्रमांक काहीच मागायचे नाहीत.

पैनगंगा_अलीकडे

दर काढताना एक सांभाळा. एनसीआरबी दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे सांगतं, ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. जुन्या भाजकावर नवे गुन्हे भागले जातात. दोन जिल्ह्यांची तुलना करताना हे लक्षात असू द्या. आणि गडचिरोलीसारखा जिल्हा, जिथे २०११ ला ३८ टक्क्यांवर लोकसंख्या आदिवासी होती, तिथला कमी आकडा बघून समाधान मानू नका. भामरागडच्या माडिया माणसाला ठाणं किती दूर आहे, तिथे कोणती भाषा चालते, हेही त्या आकड्यात आहे.

वैनगंगेकाठचा

सगळ्यांचं ऐकून माहिती अधिकाराचे दोन अर्ज तयार केले. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तोडून लिहिले.

पहिला, जनमाहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय:
'मागील तीन कॅलेंडर वर्षांत जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात जातीवरून अपमान, बहिष्कार, मारहाण अथवा सार्वजनिक सोयींना मज्जाव याबाबत प्राप्त झालेल्या लेखी अर्जांची संख्या, त्यांपैकी अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाखाली नोंदवलेले गुन्हे, अदखलपात्र नोंदी, दप्तरी दाखल अर्ज, तसेच नोंदवलेल्या गुन्ह्यांत मंजूर अ, ब, क समरींची स्वतंत्र संख्या, ठाणेनिहाय व वर्षनिहाय द्यावी. कोणत्याही व्यक्तीचे नाव अथवा गाव देऊ नये.'

दुसरा, समाज कल्याण:
'मागील तीन कॅलेंडर वर्षांत नियम १७ अन्वये झालेल्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्तांच्या प्रती, व्यक्तींची नावे वगळून. प्राप्त प्रस्ताव, पहिला हप्ता दिलेली प्रकरणे, व जातीच्या दाखल्याअभावी प्रलंबित प्रकरणे यांची तालुकानिहाय संख्या.'

काळी_माती

पहिल्या अर्जाला 'अशी माहिती या स्वरूपात संकलित केलेली नाही' असं उत्तर यायची दाट शक्यता. आलं तर निराश होऊ नका, ते लेखी उत्तर जपा. तक्रारी मोजल्या जात नाहीत याचाच तो सरकारी पुरावा. पाठोपाठ ठाण्याच्या चौकशी अर्ज नोंदवहीची पाहणी मागा, माहिती अधिकारात अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणीही करता येते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील.

सातपुडा_पायथा

माझ्याकडे शहर आणि ग्रामीण पोलीस वेगळे आहेत. अर्ज कुठे टाकू? मीही टाकतो.

टेबल_क्रमांक_सात

अमरावती आणि नागपूरला दोन टाका. शहरासाठी पोलीस आयुक्त कार्यालय, ग्रामीणसाठी पोलीस अधीक्षक. समाज कल्याणचा मात्र एकच, कारण जिल्हाधिकाऱ्यांची समिती पूर्ण जिल्ह्याची असते. पडताळताना पोलिसांच्या दोन्ही आकड्यांची बेरीज करून मगच शेजारी ठेवा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प दोन्हींवर लावा आणि आवक शिक्क्याची झेरॉक्स ठेवा.

वैनगंगेकाठचा

सोमवारी भंडाऱ्याला जातो आहे, दोन्ही देतो. गोंदिया, गडचिरोली आणि बुलढाण्याकडचं कोणी असेल तर हाच मजकूर उचला, जिल्ह्याचं नाव बदला आणि अर्ज टाकल्यावर इथे लिहा. उत्तरं आली की ठाणेनिहाय तक्ता याच धाग्यात लावतो.